मुरातावरचा आकडा

एका जुन्या बंदुकीवरचा नंबर मी घासून पुसट केला. वाईट हेतू नव्हता, हौस होती. पोलिसांनी विचारलं, हे कोणी केलं? तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे एक गृहस्थ म्हणाले, "मी." पोलिसांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्या गृहस्थांच्या म्हणण्याला "हो" म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे थोडं गमतीचंही येईल, ते वाचून तुमचं माझ्याविषयी बरं मत होईल आणि मग हे सांगणं मला जड जाईल. तसं एकदा झालेलं आहे, चार वर्षं.

या अंकाच्या संपादिका टोकियोत, तोयोसुला राहतात. त्या फोनवर म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे आयटीवाले तेच लिहितात हो. कचऱ्याचं वर्गीकरण आणि ट्रेन वेळेवर येते. तुमचं काहीतरी वेगळं आहे. जपानमध्ये बंदुका दुरुस्त करणारा मराठी माणूस! जरा खुसखुशीत होऊ द्या." खुसखुशीत जेवढं आहे तेवढं लिहितो.

मी मूळचा धातूशास्त्राचा. पुण्यात शिकलो, डॉक्टरेटला त्सुकुबाला आलो आणि पुढे तिथल्याच एका संस्थेत करारावर काम करत राहिलो. करार म्हणजे तीन वर्षं, मग दोन, मग एक, मग एक निरोपाची पार्टी. त्या शेवटच्या वर्षी संस्थेच्या ‘सर्वांसाठी खुला’ दिवशी एक ठेंगणे, टक्कल पडलेले आजोबा फडक्यात गुंडाळून लोखंडाचा एक तुकडा घेऊन आले. जुन्या बंदुकीच्या नळीचा तुकडा. त्यात भेग आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. मी सूक्ष्मदर्शकाखाली धरून दाखवली. अर्धा तास ते डोळा लावून बघत राहिले. मग म्हणाले, "शनिवारी काय करता?"

हे ओनुकी-सान. त्सुकुबापासून गाडीने तासाभरावर त्यांचं बंदुकांचं दुकान होतं. मी एका शनिवारी गेलो, मग दर शनिवारी, आणि करार संपल्यावर रोज. आता एकवीस वर्षं झाली.

"जपानमध्ये बंदुका असतात?" हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. असतात. डोंगराकडच्या गावांत रानडुकरं भाताची नासाडी करतात, त्यांच्यासाठी शिकारी असतात. काही लोक मैदानावर नेम धरायला जातात. पण परवाना मिळणं म्हणजे मुलगी बघायला येण्याच्या दहापट चौकशा. लेखी परीक्षा, डॉक्टरांचा दाखला, घरी येऊन पोलिसांनी कपाट तपासणं. बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या, दोन्ही भिंतीला ठोकलेली. शेजाऱ्यांकडे चौकशी. आणि हे सगळं छऱ्यांच्या बंदुकीसाठी. रायफल हवी असेल तर त्यानंतर साधारण दहा वर्षं एकही डाग न लावता काढायची. त्यामुळे इथला रायफलवाला बहुतेक पिकल्या केसांचा असतो, आणि त्याच्या घरात चपलासुद्धा सरळ रेषेत असतात.

माझ्या स्वतःच्या परवान्याच्या वेळी पोलीस मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, भेटायला आले होते. मला बाहेर बसवलं.

"नवरा चिडतो का?"

"चिडत नाही," मेधा म्हणाली, "फुगतो. तुमच्या फॉर्मवर फुगण्याचा रकाना आहे का?"

तो पोलीस अधिकारी बिचारा गंभीरपणे विचार करून म्हणाला, "किती दिवस?"

"कधी कधी चार." त्याने ते लिहून घेतलं. परवाना मिळाला.

पहिले तीन महिने ओनुकी-सानांनी मला बंदुकीला हात लावू दिला नाही. स्क्रूड्रायव्हर घासायला बसवलं. जुन्या बंदुकीच्या प्रत्येक स्क्रूची खाच वेगळ्या रुंदीची असते. त्या खाचेत नेमका बसेल असा स्क्रूड्रायव्हर स्वतः घासून बनवायचा, नाहीतर तो निसटतो आणि स्क्रूचं तोंड कायमचं विद्रूप होतं. ओनुकी-सान म्हणायचे, "स्क्रूचं तोंड बघितलं की आधी कोणता गाढव इथे येऊन गेला ते कळतं." दुसरी शिकवण गंजाची. जुन्या बंदुकीवरचा काळा थर हा रंग नसतो. तोही गंजच, पण माणसाळवलेला. खरा गंज लाल असतो, खातो. आपलं काम लाल गंज थांबवायचं, काळ्याला हात लावायचा नाही. तेल, कापड, बारीक स्टील वूल आणि भरपूर वेळ. "थांबायचं कधी हे ज्याला कळतं तो कारागीर," ते म्हणत. "बाकीचे साफसफाईवाले."

तिसरी गोष्ट त्यांची स्वतःची होती. कोणतीही बंदूक दुरुस्तीला आली की तिच्यावरच्या नंबरावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवायची. आकड्याचा ठसा कागदावर उमटतो. तो कागद वहीत चिकटवायचा, शेजारी तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव. कायद्याने नंबर लिहून घेतला तरी पुरतं. पण ओनुकी-सान म्हणत, "लिहिताना माणूस चुकतो. ठसा चुकत नाही." हा ठसा लक्षात ठेवा.

गिऱ्हाइकांत अवली लोक पुष्कळ. कावासाकीचे एक दातांचे डॉक्टर होते. लहानपणी अमेरिकन गुराख्यांचे सिनेमे बघून वाढलेले. दहा वर्षं छऱ्यांची बंदूक निष्ठेने बाळगली, ती फक्त लिव्हर-ॲक्शन रायफल मिळावी म्हणून. खटक्याखाली एक लोखंडी कडं असतं, ते बोटांनी खाली ढकललं आणि परत ओढलं की जुनी पुंगळी बाहेर उडते आणि नवं काडतूस आत येतं. खाट-खूट. त्या आवाजावर ते फिदा होते. त्यांना मिळालेली रायफल ऐंशी वर्षांची होती आणि आधीच्या कोणीतरी तिच्या सगळ्या स्क्रूंची तोंडं फोडून ठेवली होती. तीन महिने मी एकेक स्क्रू भरून, घासून नवी खाच पाडली. नळीखालच्या नळकांड्यात जास्त गोळ्या मावतात, इथल्या कायद्यात बसत नाहीत, म्हणून आत कायमचा अडसर बसवला. रायफल ताब्यात घेताना डॉक्टर म्हणाले, "ही घोड्यावर बांधायची कडी पण चकचकीत करून द्या."

"घोडा आहे तुमच्याकडे?"

"छे. घोड्याची भीती वाटते मला. चावतो."

त्यांच्याबरोबर मैदानावर पहिल्यांदा गेलो तेव्हा तिसऱ्या बाराला पुंगळी उडून कुठेतरी गेली. इथे जितकी काडतुसं नेली तितकी उडवलेली आणि उरलेली जुळावी लागतात. मग दातांचे डॉक्टर, मी, मैदानाचे व्यवस्थापक आणि शेजारचे दोन अनोळखी निवृत्त शिक्षक असे पाच जण गवतात गुडघ्यांवर. चाळीस मिनिटांनी पुंगळी सापडली, डॉक्टरांच्याच पँटच्या दुमडीत. पाचही जणांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. या देशात असलेली माझी बरीचशी ओळख गुडघ्यांवर झालेली आहे.

माझी स्वतःची लिव्हर-ॲक्शनही तेव्हा झाली होती. तिच्याबद्दल वेगळं सांगत नाही.

सेकिने-सानांची मुराता ही आमच्या दुकानात येणारी सर्वांत जुनी बंदूक. मुराता म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीची सैन्याची रायफल. सैन्याला नवीन मिळाल्यावर सरकारने या जुन्या रायफली नळीच्या आतले पिळाचे आटे घासून टाकून, ती गुळगुळीत करून गावोगावच्या शिकाऱ्यांना विकल्या. विकताना त्यांच्यावरची राजचिन्हाची फुलाची खूण सरकारनेच कानशीने घासली. नंबर मात्र राहू दिला. एका वेळी एकच काडतूस. ते बाजारात मिळत नाही, पितळी पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरून वापरायच्या. सेकिने-सानांच्या आजोबांनी घेतलेली ही बंदूक परवाना बदलत बदलत नातवापर्यंत आली होती.

सेकिने-सान डोंगरातल्या गावाचे. कमी बोलणारे, हात कुदळीसारखे. बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर आतल्या बाजूला नखाएवढ्या अकरा खुणा कोरलेल्या होत्या. मला वाटलं, मारलेली अस्वलं असतील. विचारलं.

"कुत्रे," ते म्हणाले. "आजोबांचे तीन, वडिलांचे चार, माझे चार. मेल्यावर कोरायची." मग बाहेर गाडीत बसलेल्या काळ्या कुत्र्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो कुरो. तो अजून आहे."

पाचेक वर्षांपूर्वी, हिवाळ्याच्या शेवटी ते मुराता घेऊन आले. आतली एक स्प्रिंग थकली होती आणि बोल्टजवळ लाल गंज धरला होता. ओनुकी-सान तेव्हा कंबरेचं हाड मोडून इस्पितळात होते. दुकान माझ्यावर.

"स्प्रिंग बदला," सेकिने-सान म्हणाले. "गंज थांबवा. नवीन करू नका. लाकडाला हात लावू नका."

मी ठसा घेतला, वहीत चिकटवला. स्प्रिंग बनवली. लाकडाला हात लावला नाही. लोखंडाकडे मात्र वळलो तेव्हा मला वाटलं, ओनुकी-सान परत आले की त्यांना दाखवीन. एवढी जुनी मुराता एवढी सुंदर कोणी केलेली नाही. लाल गंज गेला, त्याखाली खड्डे दिसले. खड्डे काढायला मी पॉलिश पेपर घेतला. मग कोपऱ्यातलं बफिंगचं चाक सुरू केलं. चाक वेगाने फिरतं आणि लोखंड आरशासारखं होतं. त्याच वेळी ते अक्षरांच्या कडा खाऊन टाकतं. हे मला माहीत होतं. धातूशास्त्रातला डॉक्टर होतो मी. पण आरसा दिसायला लागला की हात थांबत नाही. चाक बंद केलं तेव्हा पाच आकड्यांपैकी पहिले तीन दिसत होते. शेवटचे दोन बोटाला लागत होते, डोळ्यांना दिसत नव्हते. वरून काळा थर चढवला की उठून दिसतील, असं मी स्वतःला सांगितलं. थर चढवला. दिसले नाहीत.

सेकिने-सान न्यायला आले तेव्हा त्यांनी बंदूक उजेडात धरली. बराच वेळ बघितलं. "किरेइ देसु ने," म्हणाले. छान झालीय. वाकले आणि गेले. मी त्याला कौतुक समजलो. इथे इतकी वर्षं राहूनही मला ‘छान’ आणि ‘छान’ यांतला फरक कळला नव्हता, किंवा कळूनही घ्यायचा नव्हता.

दर वसंतात पोलीस ठाण्यात सगळ्या बंदुकांची तपासणी असते. एकाच दिवशी आसपासच्या गावांतले शिकारी आवरणात गुंडाळलेल्या बंदुका घेऊन रांगेत बसतात. लांबी मोजतात, नंबर परवान्याशी ताडून बघतात, काडतुसांची वही तपासतात. दुकानदार म्हणून मला मदतीला बोलावलं होतं, मोजपट्टी माझ्या हातात होती. सेकिने-सानांची पाळी आली. अधिकाऱ्याने बंदूक तिरकी केली, भिंग घेतलं, टॉर्च मारला.

"शेवटचे दोन कुठे गेले?"

त्याने आकड्यांवरून अंगठा फिरवला.

"हे घासलेलं आहे, सेकिने-सान. गेल्या वर्षी नीट होतं. ओनुकींच्या दुकानात गेली होती ना ही?"

"स्प्रिंग बदलायला," सेकिने-सान म्हणाले. "घासलं मी. घरी. गंज होता."

अधिकारी माझ्याकडे वळला. "असंच का?"

माझं तेव्हा कायमच्या वास्तव्याचं प्रकरण सरकारी कचेरीत होतं. मुलगी आर्या शाळेच्या शेवटच्या वर्षाला. ओनुकी-सान इस्पितळात, दुकानाचा परवाना त्यांचा. नंबर घासणाऱ्या दुकानाचं काय होतं हे मला ठाऊक होतं. या सगळ्याचा विचार मी केला असं म्हणणं खोटं होईल. विचार नंतर केला. त्या क्षणी फक्त तोंडातून निघालं, "हाय." जपानीत ‘हो’ म्हणायला एवढंच लागतं.

अधिकारी वाईट नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, "आधीचा नंबर हाच होता, याचा काही पुरावा असेल तर बघता येईल. फोटो वगैरे?"

ठसा माझ्याकडे होता. दुकानात, टेबलाच्या दुसऱ्या कप्प्यात, वहीत. तो दाखवला असता तर बंदूक वाचली असती, आणि त्याच कागदाने हेही सिद्ध झालं असतं की आमच्याकडे आली तेव्हा आकडा शाबूत होता. मी मोजपट्टी गुंडाळत राहिलो.

"आजोबा," अधिकारी म्हणाला, "वय झालं. नंबर घासायचा नसतो हे तुम्हाला पन्नास वर्षं माहीत होतं. आता विसरायला लागलात तर पुढे अपघात होईल. स्वतःहून परत करा, ते चांगलं दिसेल."

सेकिने-सानांनी परत केली.

परत केलेली बंदूक तोडायची असते, आणि ते काम दुकानाकडे येतं. आठवडाभराने ते आले, तोडताना हजर राहायचं म्हणून. मी दस्ता सोडवून त्यांच्या हातात दिला, लाकडाला कायदा लागत नाही. मग नळी शिकंज्यात धरून करवत लावली. तीन ठिकाणी कापावी लागते. ते उभेच होते. कापलेलं तोंड आतून पांढरंशुभ्र निघालं, एकही भेग नव्हती. अजून शंभर वर्षं चालली असती. शेवटचा तुकडा पडल्यावर त्यांनी त्या तुकड्यांना कंबरेतून वाकून म्हटलं, "ओत्सुकारेसामा." कामावरून घरी निघालेल्या माणसाला म्हणतात ते, दमलात हो. मग माझ्याकडे बघितलं. वाट बघितल्यासारखं बघितलं. मी झाडू घेऊन लोखंडाचा कीस गोळा करायला लागलो.

ओनुकी-सान उन्हाळ्यात काठी टेकत दुकानात परतले. वही चाळताना विचारलं, "सेकिनेची मुराता?"

"परत केली. नंबर झिजला होता."

ते ठशाकडे बघत राहिले. स्वच्छ पाच आकडे. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर बफिंगचं चाक टेबलावरून सोडवून, तेलकट कागदात बांधून माळ्यावर टाकलेलं होतं. कंबर मोडलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाने ते कसं चढवलं असेल कोण जाणे. दोन वर्षांनी ते गेले, तोवर त्यांनी माझ्याशी त्याविषयी एक शब्द काढला नाही. दुकान आता त्यांच्या भाच्याच्या नावावर आहे. काम मी बघतो. कायमच्या वास्तव्याचा कागदही मिळाला. तो ज्या दिवशी मिळाला त्या दिवशी मेधाने शिरा केला आणि मला तो गिळवेना. तिला वाटलं, आनंदाने.

गेल्या सप्टेंबरात एक बाई छोट्या ट्रकमधून लोखंडी कपाट घेऊन दुकानात आल्या. पन्नाशीच्या, गावातच केस कापण्याचं दुकान चालवणाऱ्या. सेकिने-सानांची मुलगी हारुए-सान. वडिलांचं बंदुकीचं कपाट रिकामंच अडगळीत पडलं होतं, ते आम्ही घेऊ का, हे विचारायला. मी चहा दिला.

"वडील कसे आहेत?"

"शरीर ठीक आहे," त्या म्हणाल्या. "डोकं... तुम्हाला माहीतच आहे. त्या वर्षी सुरुवात झाली ना. नंबर घासला त्यांनी. ज्या माणसाने आयुष्यात एक पुंगळी हरवली नाही त्याने! मी तेव्हाच ओळखलं. गाडीची किल्ली काढून घेतली. डोंगरावर एकटं जाणं बंद केलं. कुरोला माझ्या चुलतभावाकडे पाठवलं, लांब. विसरणाऱ्या माणसाच्या हाती शिकारी कुत्रा कसा ठेवायचा? डॉक्टर म्हणतात काही नाही, वयाच्या मानाने उत्तम. पण डॉक्टर दहा मिनिटं बघतात. आता ते फारसं बोलतही नाहीत." मग त्या वाकून म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही सांभाळून घेतलंत, त्याचे आभार मानायचे राहिले होते."

मी म्हणालो, "कपाट ठेवा, आम्ही बघतो."

एवढंच म्हणालो. दुसऱ्यांदा खरं सांगितलं नाही. तोपर्यंत मी समजत होतो की माझ्यामुळे एक बंदूक गेली. त्या दिवशी कळलं की त्या माणसाची स्मृती गेली असं सगळं घर मानून बसलं आहे, आणि ते माझ्या ‘हो’वर.

घरी जाऊन मेधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चार वर्षं तू फुगलेला आहेस असं वाटत होतं मला. हे होतं होय!" आणि थोड्या वेळाने, "मला सांगून झालं. आता ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

मी आधी पोलिसांकडे गेलो. ते सोपं गेलं, तिथे फॉर्म होता. झाल्या प्रकाराची लेखी कबुली द्यायची, शिक्का मारायचा. जुना अधिकारी बदलून गेला होता. नव्याने ठसा बघितला, वही बघितली, सुस्कारा टाकला. दुकानाला लेखी ताकीद मिळाली. माझा स्वतःचा परवाना आणि लिव्हर-ॲक्शन सध्या त्यांच्या ताब्यात आहेत. परत मिळतील की नाही माहीत नाही. सेकिने-सानांच्या नोंदीत दुरुस्ती केली, असं त्याने सांगितलं. बंदूक मात्र कोणत्याच फॉर्मने परत येणार नव्हती.

सेकिने-सानांना वाचून दाखवायला मी एक पत्र लिहिलं, फार आदराच्या जपानीत, दोन पानं. आर्या सुट्टीला घरी आली होती, तिला तपासायला दिलं. तिने वाचून कागद टेबलावर ठेवला. "बाबा, भाषा परफेक्ट आहे. पण हे इइवाके आहे. सबबी. ‘त्या वेळची परिस्थिती’ हा शब्द तू पाच वेळा लिहिलायस."

पाचही काढले. दोन पानांचं अर्धं पान झालं.

माफी मागायला जाताना इथे जड मिठाईचा खोका न्यायची रीत आहे. वजन हातात जाणवलं पाहिजे. मी रताळ्याचं योकान घेतलं, वडीसारखं घट्ट, आणि वही घेतली. रविवारी सकाळी पोचलो तेव्हा हारुए-सान दुकानात होत्या, दुपारी घरी येणार होत्या. सेकिने-सान एकटेच ओसरीवर उन्हात बसून खुरपणीच्या विळ्याला धार लावत होते. म्हणजे विळा अजून त्यांच्याकडे राहू दिला होता. मी पायरीखालीच गुडघे टेकले आणि पत्र उघडलं.

"मला काय वाचून दाखवता?" ते म्हणाले. "मला माहीत आहे."

मी पत्र खाली घेतलं.

"साबुनिसु-सान," ते म्हणाले. सबनीस त्यांना कधीच जमलं नाही. "तुम्हाला वाटत असेल, म्हाताऱ्याने तुम्हाला वाचवलं. नाही. दुकान वाचवलं. ओनुकी इस्पितळात होता. दुकान बंद झालं असतं तर बाकीच्यांनी कुठे जायचं? आणि मला वाटलं, हा माणूस एकदोन दिवसांत स्वतः जाऊन सांगेल. दोन दिवसांचं ओझं म्हणून उचललं मी." त्यांनी विळा पाण्यात बुडवला. "नळी कापताना वाट बघितली. मग पुढच्या वसंतात बघितली. त्याच्या पुढच्याही."

"घरी तरी सांगायचं होतंत."

"सांगितलं. दुसऱ्या वर्षी. हारुए म्हणाली, बाबा, आता दुसऱ्यांवर ढकलू नका. मग डॉक्टरांकडे अजून एक चक्कर झाली." ते हसले, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "खरं बोललं की आजार वाढला. त्यापेक्षा न बोललेलं बरं."

माझ्या हातातलं अर्धं पान त्यांनी घेतलं, घडी घातली आणि परत दिलं. "हे ठेवून द्या. ती आली की तिला सांगा. साध्या शब्दांत. तिला सांगितल्याशिवाय मला सांगून काही होणार नाही."

दोन तास बसलो. ते विळे लावत होते, मी पाणी घालत होतो. आत भिंतीवर तो दस्ता टांगलेला दिसत होता. अकरा खुणा. मी मोजल्या.

हारुए-सान आल्या, मला बघून घाईने चहाला निघाल्या. सेकिने-सान म्हणाले, "बस. चहा नंतर." त्या आतल्या खोलीत तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, बसल्या आणि मीही वर जाऊन समोर बसलो. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि ठशाचं पान उघडलं. तारीख, वडिलांचं नाव, पेन्सिलीने उमटलेले आकडे.

"हा काय नंबर आहे?" त्यांनी कागद जवळ घेतला. "मुराताचा? एक, सात, तीन..."

"सहा, आठ," ओसरीवरून आवाज आला. सेकिने-सानांनी मान वळवली नव्हती. ते धार बघत होते.

हारुए-सानांनी कागदाकडे बघितलं. सहा, आठ. त्यांनी तारीख पुन्हा वाचली. मग वडिलांच्या पाठीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"म्हणजे तुमच्याकडे आली तेव्हा नंबर होता. मग घासला कोणी?"

मी तातामीवर दोन्ही हात टेकले आणि कपाळ हातांवर ठेवलं.

"मी घासला," मी म्हणालो. "पोलिसांसमोर खोटं बोललो, तेही मीच. हा कागद त्या दिवशी माझ्या कप्प्यात होता. तुमचे वडील काहीही विसरले नव्हते. तुम्ही दुकानात आलात तेव्हासुद्धा मी गप्प बसलो. गाडी, डोंगर, कुरो, सगळं माझ्यामुळे गेलं. मला माफ करा."

ओसरीवरचा विळ्याचा आवाज थांबला होता. मी कपाळ वर उचललं नाही. वर उचला असं कोणी म्हणालं नव्हतं.